उजेड आणि टायटॅनियाची पावडर वापरून पाण्यातलं विषारी क्रोमियम कसं काढायचं

फोटोकॅटॅलिसिसकडे (म्हणजे पावडरीवर उजेड पाडून तिच्याकडून रिअ‍ॅक्शन घडवून घेणं, ती पावडर म्हणजे कॅटॅलिस्ट) येणाऱ्या बऱ्याच जणांनी आधी रंगाचा प्रयोग केलेला असतो, म्हणजे मिथिलीन ब्लूचं निळं पाणी, त्यात चिमूटभर पांढरी पावडर, वरून दिवा, थोड्या वेळात पाणी नितळ, झाला प्रोजेक्ट. मग तोच सेटअप उचलून धातूंकडे येतात आणि तिथे गोची होते. रंग हा कार्बनचा रेणू आहे, तो तुटत तुटत शेवटी कार्बन डायऑक्साइड नि पाणी होऊन जातो. क्रोमियम, पारा, शिसं ही मूलद्रव्यं आहेत, त्यांच्यावर दिवसभर उजेड पाडलात तरी ती जाणार कुठे, तिथेच असतात. उजेड फक्त त्यांचं रूप बदलतो. पाण्यातून बाहेर काढायचं काम आपल्यालाच करावं लागतं, आणि नेमकं तेच काम बहुतेक जण विसरतात.

म्हणून पावडरच्या डब्याला हात लावायच्या आधी कागदावर लिहा की धातू कोणता, आत्ता पाण्यात कुठल्या रूपात आहे, आणि उजेड दिल्यावर तो कुठे जाऊन बसणार. तिसऱ्याचं उत्तर येत नसेल तर प्रयोग सुरूच करू नका. आणि हे घरी पिण्याचं पाणी शुद्ध करायचं गाइड नाहीये हेही आधीच सांगून ठेवतो, हे लॅबमधल्या बेंचवर करायचं काम आहे.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात. टायटॅनियम डायऑक्साइड (लॅबमध्ये सगळे टायटॅनियाच म्हणतात) हा सेमीकंडक्टर. पुरेशा ताकदीचा उजेड पडला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि खाली रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन समोर येईल त्याला इलेक्ट्रॉन देतो म्हणजे रिड्यूस करतो, होल समोरच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं म्हणजे ऑक्सिडाइज करतं. दोघांना कोणी गिऱ्हाईक भेटलं नाही तर ते परत एकमेकांनाच भेटतात आणि सगळा उजेड उष्णता होऊन वाया जातो, आणि हे नॅनोसेकंदांच्या हिशोबात होतं, त्यामुळे आपली अर्धी मेहनत या दोघांना लांब ठेवण्यातच जाते. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर यूव्ही पाडून पाणी फोडून दाखवलं तेव्हापासून या पावडरीच्या मागे लोक लागलेत.

धातूंचं गणित यातूनच निघतं. टायटॅनियाचा इलेक्ट्रॉन शून्य व्होल्टच्या थोडासाच खाली असतो, आणि पीएच एकाने वाढला की साधारण ०.०५९ व्होल्टने अजून खाली जातो. तो फक्त त्याच्यापेक्षा वर पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद, व्होल्टमध्ये) असलेल्यालाच इलेक्ट्रॉन देऊ शकतो, पाणी उतारावरूनच वाहतं तसं. चांदी ०.८०, पारा ०.८५, तांबं ०.३४, हे आरामात होतात. क्रोमियम सिक्स (सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं रूप) तर आम्लात १.३ च्या पुढे आहे, म्हणजे उतार एकदम तीव्र. शिसं उणे ०.१३ वर, काठावर, आणि ते बऱ्याचदा उलट बाजूने जातं, म्हणजे होल त्याला ऑक्सिडाइज करून तपकिरी लेड डायऑक्साइड बनवतं. कॅडमियम उणे ०.४०, झिंक उणे ०.७६, इथे साध्या टायटॅनियाचा इलेक्ट्रॉन हात टेकतो. त्यामुळे "सगळे जड धातू काढणारा फोटोकॅटॅलिस्ट" असं कोणी म्हणालं तर त्याला आधी झिंकचं विचारा.

मी क्रोमियमने सुरुवात करायला सांगतो कारण यात रूप बदलण्याचा फायदा डोळ्यांनी दिसतो. क्रोमियम सिक्स पाण्यात मस्त विरघळतं, मातीतून सरसर पुढे जातं आणि कॅन्सरकारक आहे. क्रोमियम थ्री खूप कमी विषारी, आणि पीएच वाढवला की हायड्रॉक्साइड होऊन तळाला बसतं. एका क्रोमियमला तीन इलेक्ट्रॉन दिले की काम झालं.

पावडर कुठली घ्यायची? पहिल्यांदा करताय तर पी-२५ (बाजारात तयार मिळणारी टायटॅनियाची पावडर) घ्या, डोकं लावू नका. त्यात साधारण ८० टक्के अ‍ॅनाटेज आणि २० टक्के रुटाइल (टायटॅनियाची दोन स्फटिकरूपं) असतं, एका ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग, आणि जगभरातले निकाल याच्याशी ताडून बघता येतात. अ‍ॅनाटेजची बँडगॅप (इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा छोटी वेव्हलेंथ लागते. सूर्यप्रकाशात यूव्ही असतो जेमतेम ४-५ टक्के, त्यामुळे उन्हात चालतं पण बाकीचं सगळं ऊन त्याच्यासाठी फुकट. दिसणारा उजेड वापरायचाच असेल तर ग्राफिटिक कार्बन नायट्राइड, ते मेलामाइन किंवा युरिया झाकणाच्या क्रुसिबलमध्ये ५५० डिग्रीला भाजून होतं, बँडगॅप २.७, साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंत चालतं (युरिया भाजताना फ्युम हूड लावा, अमोनियाने जीव नको होतो). झिंक ऑक्साइड क्रोमियमसाठी घेऊ नका, आपल्याला आम्ल पीएच लागतो आणि ते आम्लात विरघळून जातं. कॅडमियम सल्फाइडचे पेपर भरपूर सापडतील, पिवळंधमक असतं, दिसणाऱ्या उजेडात छान चालतं, पण उजेडातच स्वतः झिजतं आणि पाण्यात कॅडमियम सोडतं. क्रोमियम काढायला गेलो आणि कॅडमियम घालून आलो, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

आता प्रत्यक्ष काम. आधी ग्लोव्हज, गॉगल, मास्क. डायक्रोमेट कातडीला लागू देऊ नका आणि कोरडी टायटॅनियाची पावडर नाकात जाऊ देऊ नका, ती इतकी बारीक असते की नुसतं झाकण उघडलं तरी उडते. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी वापरताय तर यूव्ही अडवणारा चष्मा हवाच, तो उजेड डोळ्यांना फिका जांभळा दिसतो म्हणून लोक बिनधास्त बघत बसतात.

पोटॅशियम डायक्रोमेट ०.२८२९ ग्रॅम मोजून एक लिटर पाण्यात विरघळवा, हा झाला १०० मिलिग्रॅम प्रति लिटर क्रोमियमचा स्टॉक. त्यातून दहापट पातळ करून १० मिलिग्रॅमचं पाणी करा आणि १०० मिलिलिटर बोरोसिलिकेट बीकरमध्ये घ्या. पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडने पीएच ३ करा. पीएच ३ का, तर दोन कारणं. रिअ‍ॅक्शनलाच प्रोटॉन भरपूर लागतात, आणि पी-२५ चा पृष्ठभाग साधारण साडेसहा पीएचच्या खाली पॉझिटिव्ह असतो तर क्रोमियम सिक्स निगेटिव्ह आयन म्हणून फिरत असतं, त्यामुळे ते आपणहून पावडरीला येऊन चिकटतं. सातच्या पुढे गेलात की पृष्ठभाग निगेटिव्ह, दोघं एकमेकांना ढकलतात, आणि वरून तयार झालेलं क्रोमियम थ्री तिथेच हायड्रॉक्साइड होऊन पावडरीवर बसतं आणि कॅटॅलिस्ट गुदमरतो.

मग ०.१ ग्रॅम पावडर टाका, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. जास्त टाकली तर जास्त चालेल असं वाटतं पण तसं होत नाही, पाणी दुधासारखं पांढरं झालं की उजेड वरच्या थरातच अडकतो आणि खालची पावडर अंधारात नुसती फिरत बसते. अर्धा ते दोन ग्रॅम या पट्ट्यात आपल्या बीकरला नि दिव्याला काय जमतं ते एकदा बघून घ्या.

होलला गिऱ्हाईक द्यायचं राहिलं. इलेक्ट्रॉन क्रोमियम नेतंय पण होल रिकामं बसलं तर ते इलेक्ट्रॉनलाच खाणार, म्हणून पाण्यात एखादं साधं ऑरगॅनिक टाकतात जे होलला इलेक्ट्रॉन देईल. सगळे सायट्रिक अ‍ॅसिड सुचवतात आणि खरंच त्याने वेग वाढतो, ग्राफ सुंदर येतो. पण माझं मत फॉर्मिक अ‍ॅसिडला. कारण सायट्रेट क्रोमियम थ्रीला मिठी मारून बसतं, आणि पुढे पीएच वाढवून साका पाडायला जाता तेव्हा साका पडतच नाही, क्रोमियम कॉम्प्लेक्स होऊन पाण्यातच राहतं. यात मी स्वतः आठवडा घालवलाय, क्रोमियम सिक्स शून्य, सगळे खूश, आणि एकूण क्रोमियम मोजलं तर बऱ्यापैकी तसंच. फॉर्मिक ५ मिलिमोलर ठेवा, म्हणजे लिटरला साधारण ०.२३ ग्रॅम, त्याचा स्टॉक करून मग टाका कारण एवढंसं थेट मोजता येत नाही, आणि टाकल्यावर पीएच परत बघा. त्याची अजून एक गंमत म्हणजे होलने त्याला ऑक्सिडाइज केल्यावर जो रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन उरलेला अस्थिर तुकडा) तयार होतो तो स्वतःच जबरदस्त रिड्यूसिंग असतो, त्यामुळे एका फोटॉनमागे दोन इलेक्ट्रॉनचं काम होऊ शकतं.

दिवा लावायच्या आधी बीकरला फॉइल गुंडाळून अंधारात अर्धा तास ढवळत ठेवा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक गाळतात, पण पावडर अंधारातही क्रोमियम चिकटवून घेते, आणि ते वजा केलं नाही तर तुम्ही चिकटलेल्याला उजेडाचं श्रेय देऊन बसाल. तुमचं खरं सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन हे अर्ध्या तासानंतरचं, बाटलीवर लिहिलेलं नाही.

मग दिवा. एलईडी लगेच चालू होतो, मर्क्युरी दिवा असेल तर १०-१५ मिनिटं आधी लावून स्थिर होऊ द्या. अंतर स्केलने मोजून वहीत लिहा, रोज तेच ठेवा. बीकर तापत असेल तर बाहेरून पाण्याचं भांडं ठेवा. ३६५ नॅनोमीटर बोरोसिलिकेटमधून जातं, पण कोणी २५४ चा दिवा लावला असेल तर क्वार्ट्झ लागतं, काच तो अडवते. उन्हात करायचं असेल तर उंच बीकर नको, पसरट उथळ ट्रे घ्या, पाण्याची खोली एक-दोन सेंटीमीटर, आणि यूव्ही मीटर नसेल तर निदान सगळे कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग) त्याच वेळी शेजारी ठेवा, कारण दुपारी १२ चं ऊन आणि ४ चं ऊन ही दोन वेगळी उपकरणं आहेत असं समजा.

०, १०, २०, ३०, ४५, ६० मिनिटांनी सिरिंजने दोन-दोन मिलिलिटर काढून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. ढवळणं चालू असतानाच काढा, नाहीतर पावडर नि पाण्याचं प्रमाण बिघडतं. फिल्टर स्वतः क्रोमियम धरून ठेवतो का तेही एकदा साधं क्रोमियमचं पाणी गाळून तपासा.

मोजायला डायफिनाइलकार्बाझाइड. आम्लात क्रोमियम सिक्सबरोबर जांभळट-गुलाबी रंग येतो, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंगाची गडदता मोजणारं यंत्र) ५४० नॅनोमीटरला वाचायचा. २५० मिलिग्रॅम ५० मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ब्राऊन बाटलीत ठेवा, रंग बदलला की फेकून नवीन करा. सॅम्पलमध्ये हे द्रावण टाकल्यावर ५ ते १० मिनिटं थांबून वाचा. एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायची छोटी पारदर्शक डबी) १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खालचंच वाचायचं असतं, त्यामुळे आपलं १० वालं पाणी वीसपट पातळ करा, सुरुवातीचे सॅम्पल विशेषतः. पाण्यात लोह असेल तर पिवळट झाक येऊन आकडा चुकतो.

कंट्रोल तीन तरी हवेत. पावडर आहे पण उजेड नाही, उजेड आहे पण पावडर नाही, आणि उजेड अधिक फॉर्मिक पण पावडर नाही. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण काही ऑरगॅनिक आम्लं कॅटॅलिस्टशिवायच उजेडात क्रोमियम सिक्सला रिड्यूस करतात आणि आपण उगाच पावडरीची आरती ओवाळत बसतो. ग्राफ काढताना सुरुवातीच्या आणि त्या वेळच्या कॉन्सन्ट्रेशनच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग वेळेविरुद्ध मांडा, पहिले काही पॉइंट सरळ रेषेत आले तर उतार हा तुमचा वेग. शेवटचे पॉइंट वाकतात, ते जबरदस्तीने रेषेत कोंबू नका.

इथे बहुतेकांचा प्रयोग संपतो. खरं म्हणजे इथे अर्धाच झालाय. गुलाबी रंग येत नाही याचा अर्थ एवढाच की क्रोमियम सिक्स नाही, क्रोमियम अजून लिटरला १० मिलिग्रॅमच्या हिशोबाने सगळं तिथेच आहे, थोडं पाण्यात, थोडं पावडरीवर. जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यासाठीचा आकडा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे आणि तो एकूण क्रोमियमचा आहे, फक्त सिक्सचा नाही.

तर आधी पावडर वेगळी करा आणि मग क्रोमियम पाडा, हाच क्रम. उलट केलंत तर दोन्ही एकाच गाळात जातात आणि कॅटॅलिस्टवर हिरवट हायड्रॉक्साइडचं पांघरूण बसतं. पण यात एक अडचण आहे. पीएच ३ ला टायटॅनियाचे कण सगळे पॉझिटिव्ह, एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, रात्रभर ठेवलं तरी पाणी गढूळच. पीएच साडेसहाच्या आसपास नेला की चार्ज जातो, गुठळ्या होतात आणि पावडर झटकन खाली बसते, पण तोपर्यंत क्रोमियम थ्रीही पडायला लागलेलं असतं. म्हणून पीएच ३ लाच सेंट्रिफ्यूज करा. वरचं नितळ पाणी काढून त्यात थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड टाकत पीएच ८ ते ८.५ करा, हिरवट-राखाडी साका दिसायला लागेल, तासभर बसू द्या, गाळा. हात भरभर चालवून ११-१२ पर्यंत गेलात तर तोच साका परत विरघळतो, क्रोमियम हायड्रॉक्साइड दोन्हीकडचं आहे, आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही.

गाळलेल्या पाण्यात एकूण क्रोमियम मोजा. ५० मायक्रोग्रॅमच्या खालचं बघायचं तर ग्रॅफाइट फर्नेसचा अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी-एमएस (दोन्ही अगदी थोडा धातूही मोजणारी यंत्रं) लागेल, नुसत्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर भागवू नका. सेंट्रिफ्यूजमधली पावडरही थोडी पातळ सल्फ्युरिकने धुऊन त्या धुवणात क्रोमियम मोजा. पाणी, साका, पावडर या तिघांची बेरीज सुरुवातीच्या क्रोमियमच्या जवळ आली पाहिजे. येत नसेल तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा फिल्टरमध्ये नाहीतर बीकरच्या भिंतीला. ही बेरीज न दाखवता "९९ टक्के रिमूव्हल" लिहिलेलं दिसलं की मी तरी पुढे वाचत नाही.

अजून एक, क्रोमियम थ्री पाण्यात शिल्लक असताना क्लोरीन टाकू नका. क्लोरीन त्याला परत सिक्स करू शकतं, आणि मँगनीज डायऑक्साइडही तेच करतं.

सेंट्रिफ्यूजचा जाच नको असेल तर पावडर काचेवर चिकटवा. काचपट्टी सँडपेपरने खरखरीत करून धुवा, टायटॅनियाची पातळ स्लरी करून पट्टी बुडवा, वाळवा, असं तीन-चार वेळा, मग ४५० डिग्रीला तासभर भाजा. साध्या काचेला याच्या फार वर नेऊ नका, ती मऊ पडायला लागते आणि तिच्यातलं सोडियम थरात शिरून कॅटॅलिस्ट मंदावतो. वेग पावडरीपेक्षा कमी येणार हे धरूनच चाला, कारण आता क्रोमियमला स्वतः चालत पट्टीपर्यंत यायचंय. पण पट्टी उचलली की पाणी मोकळं. थर सुटतो का बघायला तीच पट्टी पाच वेळा वापरून वेग मांडा.

इतर धातूंना हीच रेसिपी जशीच्या तशी लावू नका. तांबं करताना पाण्यातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढावा लागतो, नाहीतर ऑक्सिजन मधल्यामध्ये इलेक्ट्रॉन पळवतो. पावडर काळपट-जांभळी झाली की तांबं बसलं म्हणून खूश व्हाल, पण झाकण उघडून हवा लागू दिलीत तर ते परत विरघळतं आणि पावडर पांढरी होते. आर्सेनिकचं बरोबर उलट, तिथे ऑक्सिजन हवाच, कारण आपल्याला इलेक्ट्रॉन द्यायचा नाही तर काढायचाय. आर्सेनिक थ्री नेहमीच्या पीएचला बिनचार्जचं असल्यामुळे कशालाच नीट चिकटत नाही, ते आर्सेनिक फाइव्ह झालं की निगेटिव्ह होतं आणि टायटॅनियावर किंवा लोहाच्या ऑक्साइडवर छान बसतं, म्हणजे उजेडाने फक्त तयारी केली, काढलं लोहाने. पाऱ्याला मात्र शिकाऊ हातांनी लागूच नये. तो रिड्यूस होऊन धातू पारा होतो आणि त्याची वाफ होते, नायट्रोजन सोडत असाल तर ती वाफ थेट खोलीत, पाण्यातून हवेत म्हणजे आगीतून फुफाट्यात.

डिस्टिल्ड पाण्यात सगळं जमलं की मग खरं पाणी घ्या आणि वेग दणकन पडला तर घाबरू नका, पडतोच. बायकार्बोनेट पीएच वर खेचतं, फॉस्फेट पावडरीवरच्या जागा अडवतं, कुजलेल्या पाल्यातून आलेलं तपकिरी ह्युमिक अ‍ॅसिड उजेड खातं (आणि गंमत म्हणजे होललाही खाऊ घालतं, त्यामुळे थोडंसं असेल तर कधीकधी वेग वाढतोसुद्धा). आधी गाळून घ्या, पीएच ठरवून घ्या, आणि त्याच पाण्यात मुद्दाम माहितीचं क्रोमियम टाकून तुमचा डायफिनाइलकार्बाझाइडचा आकडा बरोबर येतो का बघा.

उरलेलं डायक्रोमेट सिंकमध्ये ओतू नका. आम्लात थोडं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड टाकलं की पिवळा रंग जातो, मग पीएच ८.५ करून साका पाडा (अ‍ॅस्कॉर्बिक बेताचंच टाका, जास्त झालं तर साका पडायला त्रास देतं). साका, वापरलेली पावडर, फिल्टर नि ग्लोव्हज एका डब्यात, वर "क्रोमियम वेस्ट" आणि तारीख, आणि तो डबा धोकादायक कचरा नेणाऱ्यांकडेच द्यायचा.